बांधाविना शेतं: लॅक्सटनच्या शिवारात

बुधवार: न्यूअर्क ते लॅक्सटन

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनातून सुटलेली वेगवान गाडी सव्वा ते दीड तासात न्यूअर्क नॉर्थगेटला पोचते. तिथून लॅक्सटन साधारण १८ किलोमीटर आहे. या गावची मोठी शेतं आजही कुंपणाविना, पट्ट्यापट्ट्यांत कसली जातात, आणि ती पाहायलाच इथे यायचं. ऑलर्टनच्या दिशेने जाणारा ए ६१६ हा रस्ता धरायचा आणि नीझल गावापाशी उजवीकडे वळायचं. बसगाड्या मोजक्याच आहेत आणि नोव्हेंबरात दिवस लहान असतो, म्हणून परतीची टॅक्सी आधीच ठरवून ठेवावी. स्वतःची गाडी असेल तर एक गोष्ट तपासून घ्यावी. इंग्लंडात लॅक्सटन नावाची आणखी दोन गावं आहेत, एक नॉर्थहॅम्प्टनशायरात आणि एक ईस्ट यॉर्कशायरात. फोनवर नुसतं नाव टाकून निघालेला माणूस पार भलतीकडे जाऊ शकतो. पत्त्यात नॉटिंगहॅमशायर आणि एनजी २२ हा पोस्टाचा विभाग असेल तर गाव बरोबर आहे.

सामानात रबरी बूट हवेतच. साधे ट्रेकिंगचे बूट या मातीत दहा मिनिटांत दुप्पट जड होतात. १:२५,००० प्रमाणाचा ऑर्डनन्स सर्व्हेचा नकाशा (एक्सप्लोरर २७१), थर्मासमध्ये चहा आणि डबा बरोबर घ्यावा. गावात दुकान सापडेल या भरवशावर राहू नये, लागेल ते न्यूअर्क, ऑलर्टन किंवा टक्सफर्डहून आणावं. नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आत मावळतो. म्हणजे फिरायला मिळतात जेमतेम आठ तास.

पॅरिश म्हणजे काय ते आधी पाहून घेऊ, कारण आपल्याकडे त्याला नेमका शब्द नाही. एका चर्चच्या अखत्यारीतली वस्ती आणि तिची जमीन हा पॅरिशचा मूळ अर्थ. तिथल्या उत्पन्नाचा दशमांश त्या चर्चला जायचा, त्यामुळे हद्द पक्की असणं सगळ्यांच्याच गरजेचं होतं. १८९४ च्या कायद्याने गावकारभारासाठी नागरी पॅरिश चर्चच्या पॅरिशपासून वेगळी झाली. ती आपल्या ग्रामपंचायतीच्या हद्दीच्या जवळ जाते. इथल्या नागरी पॅरिशचं नाव लॅक्सटन अँड मूरहाउस. मूरहाउस ही पूर्वेकडची छोटी वाडी.

गाव आहे तिथेच का वसलं, हे मातीवरून कळतं. पश्चिमेला ऑलर्टनच्या पलीकडे वालुकाश्म आहे. त्याच्यावरची रेताड जमीन पाणी धरत नाही, म्हणून तिथे शेरवुडचं जंगल आणि माळ राहिले. पूर्वेला ट्रेंट नदीचा गाळाचा सखल पट्टा आहे. दोहोंच्या मधे तांबड्या चिकणमातीची उंचसखल पट्टी आहे. भूगर्भशास्त्रज्ञ त्या खडकाला आता मर्सिया मडस्टोन म्हणतात, जुन्या पुस्तकांत त्याचं नाव क्यूपर मार्ल. ही माती गव्हाला उत्तम, पण नांगराला वैरीण. ओली असताना औत घातलं तर ढेकळं थापीने लिंपल्यासारखी बसतात, आणि वाळल्यावर तीच विटेसारखी घट्ट होतात. नांगरटीला योग्य दिवस वर्षात थोडेच मिळतात. लॅक्सटनच्या शेतीचे बरेच नियम याच अडचणीतून आले आहेत.

नावाची फोड अशी: लीक्सा नावाच्या माणसाच्या मंडळींची वाडी. १०८६ च्या डूम्सडे नोंदीत, म्हणजे नॉर्मन राजाने करवलेल्या जमिनींच्या मोजदादीत, गाव आहे. नॉर्मन स्वारीआधी ते टोकी या सरदाराकडे होतं, नंतर जेफ्री अल्सेलिनकडे गेलं. नोंदीत २२ कुळं, ७ छोटे कुळवाडी, काही गुलाम आणि ४० एकर कुरण आहे. गावाची किंमत ९ पाउंडांवरून ६ पाउंडांवर उतरल्याचंही लिहिलं आहे. जुन्या कागदांत गावाचं नाव ‘लेक्सिंग्टन’ असंही येतं.

पहिल्या दुपारी शेतात न जाता डव्हकोट इन या गावच्या पबच्या आवारातलं माहिती केंद्र पाहावं. तिथे १६३५ च्या नकाशाची प्रत आहे, मूळ नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात. मार्क पिअर्स या भूमापकाने त्यात गावाचा प्रत्येक तुकडा काढला आहे. उघड्या शेतांतले दोन हजारांहून अधिक पट्टे, प्रत्येकावर कुळाची खूण, शिवाय नांगरणारे, कापणी करणारे, शिकारी आणि त्यांची कुत्रीही. सोबत एक नोंदवही आहे, तिला ‘टेरिअर’ म्हणतात. आपल्या खातेवहीसारखीच ती वाचायची: कोणाचा पट्टा, कोणत्या शेतात, शेजारी कोण, क्षेत्र किती.

क्षेत्र दिलं आहे एकर, रूड आणि पर्चमध्ये. मराठी वाचकाला हे सोपं जातं. १ एकर म्हणजे ४ रूड, म्हणजे १६० पर्च. आपला गुंठा एकराचा चाळिसावा भाग, म्हणून १ रूड बरोबर १० गुंठे आणि ४ पर्च बरोबर १ गुंठा. हा योगायोग नाही. १८३५ पासून मुंबई इलाख्यात जी जमीन मोजणी झाली तिची साखळी ३३ फुटांची, १६ आण्यांत विभागलेली होती, आणि ३३ फूट म्हणजे इंग्लिश भूमापकाच्या ६६ फुटी साखळीच्या निम्मे. त्यामुळे टेरिअरमधला ‘२ रूड १२ पर्च’ वाचून ‘२३ गुंठे’ हे मनात लगेच उमटतं.

हा नकाशा ज्याने काढवून घेतला तो सर विल्यम कोर्टीन मूळचा कापडाचा व्यापारी, फ्लँडर्सहून पळून आलेल्या प्रोटेस्टंट घराण्यातला. बार्बाडोसमधली पहिली इंग्लिश वसाहत १६२७ मध्ये त्याच्याच पैशाने झाली. लॅक्सटनचा मॅनर, म्हणजे गावाच्या जमिनीवरचा सरंजामी हक्क, त्याने १६२५ मध्ये विकत घेतला. नकाशा पूर्ण झाला त्याच वर्षाच्या डिसेंबरात पहिल्या चार्ल्स राजाने कोर्टीनच्या व्यापारी मंडळाला ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्तेदारीत घुसण्याचा परवाना दिला. जॉन वेडेलच्या नेतृत्वाखालचं त्यांचं आरमार एप्रिल १६३६ मध्ये निघून ऑक्टोबरात गोव्यासमोर आलं. पुढच्या काही वर्षांत या मंडळाने भटकळ, कारवार आणि आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूरला व्यापार मांडला. कोर्टीन मात्र आरमार गोव्याला पोचण्याआधीच वारला. राजांना दिलेली कर्जं बुडाली होती आणि घराणं डबघाईला आलं. म्हणजे लॅक्सटनचा प्रत्येक पर्च मोजून घेणारा आणि राजापूरला गलबतं धाडू पाहणारा माणूस एकच. गावात हे फारसं कुणी सांगत नाही.

गुरुवार: ज्युरीचा दिवस

गावाला यायचं तर याच दिवसासाठी यावं. नोव्हेंबरच्या अखेरच्या गुरुवारी, म्हणजे ‘ज्युरी डे’ला, गावची ज्युरी, म्हणजे गावच्या कोर्टात शपथ घेतलेले पंच, शेतं तपासायला निघते. निघण्याआधी त्या वर्षीची तारीख पाहून घ्यावी.

आधी रचना समजून घेऊ. लॅक्सटनला तीन मोठी शेतं आहेत: वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड. पिअर्सच्या नकाशात चौथं ईस्ट फील्डही आहे, ते आता उघडं राहिलेलं नाही. तिन्ही मिळून सुमारे ४८० एकर. प्रत्येक शेत पट्ट्यांत विभागलेलं, पण मधे कुंपण नाही, तार नाही, बांध नाही. एका कुळाचे पट्टे तिन्ही शेतांत विखुरलेले. आज पट्टे १६० च्या आसपास आहेत, सरासरी तीन एकरांचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मालकाने बारीक पट्टे एकत्र करून ते रुंद केले. पिअर्सच्या काळात बहुतेक पट्टे एकराच्या आत होते.

‘बांध नाही’ हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण इंग्लंडच्या शाळेच्या पुस्तकांतही प्रत्येक पट्ट्यामधे गवताचा बांध काढलेला असायचा. लॅक्सटन पाहिलं की तो समज गळून पडतो. दोन पट्ट्यांच्या मधे असतं फक्त नांगराचं शेवटचं तास. गवताच्या ज्या पट्ट्या दिसतात त्या ये-जा करायच्या वाटा किंवा पाण्याचे उतार आहेत.

हद्द नुसत्या तासाने ठरते म्हटल्यावर ती सरकणार हे उघड आहे. आपल्याकडे बांध कोरणारा शेजारी सगळ्यांना ठाऊक असतो. इथे कोरायला बांधही नाही. नांगरणाऱ्याने वळताना अर्धा फूट बाहेर घेतलं तर वर्षादोन वर्षांत फूटभर जमीन गेली, आणि तीही मुद्दाम चोरल्याशिवाय. रस्त्याच्या कडेला तर हमखास, कारण रस्ता काही तक्रार करत नाही.

म्हणून ज्युरी. सकाळी बारा ज्युरर आणि त्यांचा फोरमन जमतात. ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉलीत माणसं, खुंट्या आणि मोगरी. त्या वर्षी गव्हाखाली आलेलं शेतच तपासायचं. त्याचं कारण साधं आहे. गहू ऑक्टोबरात पेरलेला असतो आणि नोव्हेंबरअखेर कोंब वर आलेले असतात. कोण कुठवर नांगरून पेरत गेलं याची हिरवी रेघ डोळ्यांसमोर असते. पडीक शेतात ती दिसली नसती. पट्ट्यांच्या टोकांशी जुनी खुंटी आहे का ते बघतात, नसेल तर जागा ठरवून नवी ठोकतात. रस्त्याची पूर्ण रुंदी मोकळी आहे का, चर साफ आहेत का, गवताच्या सामाईक जागेत कुणाचं औत शिरलं का, एवढं पाहून नोंद होते. जेवण डव्हकोट इनमध्ये, आणि दंड किती धरायचा याची चर्चा त्यानंतर. गडबड करणारा स्वतः ज्युरीत असला तरी त्याची नोंद टळत नाही.

पाहुण्याने सार्वजनिक रस्त्यावरून किंवा पायवाटेवरूनच बघावं. ज्युरीच्या मागे शेतात जायचं असेल तर विचारून जावं. पेरलेल्या पट्ट्यावर पाय देऊ नये. कुंपण नसल्याने शेत कुठे सुरू झालं हे कळत नाही, आणि नवखा माणूस फोटो काढता काढता गव्हात शिरतो. ओल्या चिकणमातीत बुटाखाली दबलेला कोंब पुन्हा उभा राहत नाही, त्यावर पाणी साचून राहतं.

दुपारनंतर शेतांच्या कडेने चाललं की फेरपालट समजते. पहिल्या वर्षी हिवाळी गहू, दुसऱ्या वर्षी वसंतात पेरायचं पीक (बार्ली, घेवड्यासारखी कडधान्यं), तिसऱ्या वर्षी पडीक. पूर्ण शेत एकदम पडीक पडतं, म्हणून प्रत्येकाचे पट्टे तिन्ही शेतांत असणं भाग आहे. कुणाची सगळी जमीन एकाच शेतात असती तर दर तिसऱ्या वर्षी त्याच्या घरी दाणा आला नसता. पूर्वी पडीक वर्षात तीन-चार नांगरटी करून तण मारायचे आणि मेंढ्या बसवून खत मिळवायचे. आता त्या वर्षी गवत किंवा चाऱ्याचं पीक घेण्याची मुभा आहे. फेरपालट मात्र चुकवता येत नाही. एकाने दुसऱ्या हंगामाचं पीक लावलं तर त्याची कापणी आणि फवारणी शेजाऱ्यांच्या वेळापत्रकात बसत नाही, आणि बांध नसलेल्या शेतात वाट अडली म्हणजे सगळ्यांचंच काम अडलं.

आजच्या यंत्रांशी ही शेतं पटवून घेणं सोपं नाही. मळणीयंत्राचा कापायचा पाता जेवढा रुंद, त्याच्या पटीत पट्टा नसेल तर शेवटच्या फेरीत यंत्र निम्मं रिकामं चालतं. फवारणी करताना वारा बाजूचा असला की औषध शेजाऱ्याच्या पट्ट्यावर जातं. म्हणूनच कुळांच्या उत्पन्नाचा मोठा भाग या उघड्या शेतांबाहेरच्या, कुंपणातल्या जमिनींवर येतो. उघडी शेतं हा त्यांच्या शेतीचा एक हिस्सा आहे, सगळी शेती नव्हे.

गावाजवळच्या कुरणांत संध्याकाळच्या तिरप्या उन्हात जमिनीवर लांबलचक वरंबे दिसतात. आपल्या सरी-वरंब्यापेक्षा पुष्कळ रुंद, काही मीटरांचे. जुना नांगर माती फक्त उजवीकडे टाकायचा. पट्ट्याच्या मधून सुरुवात करून भोवती फिरत गेलं की दर वेळी माती मध्याकडे चढायची. शतकानुशतकं असं केल्यावर पट्टाच वरंबा झाला आणि मधली सरी पाण्याचा चर. या मातीला तो निचरा हवाच होता. वरंबे सरळही नसतात, उलट्या इंग्रजी एस अक्षरासारखे वळतात. आठ बैलांचं लांब औत टोकाशी फिरवायला जागा लागायची, म्हणून शेवट यायच्या आधीच बैल डावीकडे झुकवायला सुरुवात करायचे. दख्खनच्या काळ्या रानात आठ बैलांचा नांगर चालवणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागलं नसतं. जिथे ही जमीन पुढे गवताखाली गेली तिथे वरंबे टिकले. ज्या शेतांत आजही नांगर चालतो तिथे दोन्हीकडे माती टाकणाऱ्या नव्या नांगरांनी ते सपाट झाले.

एक फर्लांग म्हणजे २२० यार्ड, मैलाचा आठवा भाग, हे आपल्या आजोबांच्या पिढीला मैलाच्या दगडांवरून ठाऊक होतं. शब्द मुळात इथलाच आहे: ‘नांगराच्या एका तासाची लांबी’. बैल न थांबता जेवढं ओढतील तेवढं अंतर. २२० यार्ड लांब आणि २२ यार्ड रुंद तुकडा म्हणजे एक एकर. लॅक्सटनच्या भाषेत एका दिशेने नांगरलेल्या पट्ट्यांच्या गठ्ठ्यालाही फर्लांगच म्हणतात, त्यामुळे जुने कागद वाचताना लांबी की गठ्ठा हे संदर्भाने ठरवावं लागतं.

शुक्रवार: साइक, किल्ला, चर्च

सकाळी शेतांमधल्या खोलगट गवताळ पट्ट्या बघाव्यात. त्यांना ‘साइक’ म्हणतात. ओढ्याकाठची, उताराची किंवा दलदलीची, नांगर न चालणारी ही जागा सामाईक राहिली. आपल्या गायरानासारखीच, फक्त चिंचोळी आणि शेतांच्या पोटात शिरलेली. रासायनिक खत आणि नांगर न लागल्याने इथली जुनी कुरणफुलं टिकली आहेत, म्हणून साइकना निसर्गदृष्ट्या संरक्षित क्षेत्राचा दर्जा आहे. त्यांच्यावरच्या गवताचा दर उन्हाळ्यात लिलाव होतो. फुलं पाहायची असतील तर मे-जूनमध्ये, गवत कापण्याआधी यावं. नोव्हेंबरात दिसतो तो फक्त आकार, पण आकार समजायला नोव्हेंबरच बरा.

गावच्या उत्तरेला थोड्या अंतरावर किल्ल्याची टेकाडं आहेत. दगडी तट नाही की बुरूज नाही, मातीचा उंच ढीग (मॉट) आणि त्यापुढे खंदकाने वेढलेली दोन आवारं (बेली), एवढंच. अकराव्या-बाराव्या शतकात नॉर्मन सरदारांनी बांधलेला हा या प्रकारचा नॉटिंगहॅमशायरमधला सर्वांत चांगला टिकलेला नमुना. मॉटवर चढण्याची वाट पावसात घसरडी असते. खडी बाजू टाळून आवाराच्या अंगाने चढावं. वरून तिन्ही शेतांची दिशा एकदम लागते, म्हणून हे टेकाड दुसऱ्या दिवसानंतर चढलेलं बरं. आधी चढलात तर नुसती हिरवळ आणि नांगरट दिसेल.

किल्ला इथे असायला कारण आहे. डी कॉक्स आणि पुढे डी एव्हरिंगहॅम या घराण्यांकडे शेरवुडच्या राजवनाची राखण वंशपरंपरेने होती. राजाची हरणं, लाकूड, दंड, सगळं त्यांच्या हातून जायचं. तेराव्या शतकाच्या अखेरीस एका एव्हरिंगहॅमकडून हा अधिकार काढून घेण्यात आला. पुढे किल्ला मोडकळीस आला आणि आवारात एक घर उभं राहिलं. ते पिअर्सच्या नकाशात आहे, जमिनीवर आता फक्त उंचवटे.

सेंट मायकल चर्चमध्ये एव्हरिंगहॅमांच्या आडव्या पुतळ्यांपुढे थांबावं. अ‍ॅडम डी एव्हरिंगहॅम आणि त्याच्या दोन बायका. दुसरी बायको मार्जरी हिचा पुतळा दगडाचा नाही, ओकच्या लाकडाचा आहे. मध्ययुगातला असा लाकडी पुतळा नॉटिंगहॅमशायरात हा एकच उरला आहे. दगडी पुतळ्यांच्या रांगेत तो पटकन नजरेत येत नाही. लाकडाच्या रेषा बघितल्या की ओळखू येतो. हात लावू नये.

इमारत पाहताना मनात एक दुरुस्ती करावी लागते. १८६० मध्ये चर्च इतकं पडायला आलं होतं की इथला मोठा जमीनमालक अर्ल मॅनव्हर्स याने वास्तुविशारद टी. सी. हाइनकडून ते जवळजवळ उतरवून पुन्हा बांधून घेतलं. सभागृह एका खणाने आखूड केलं आणि मनोरा त्या मानाने पुढे सरकवून उभा केला. आतली प्रमाणं चकवतात ती म्हणूनच: उंची मध्ययुगातली आणि लांबी व्हिक्टोरियन काटकसरीची.

गावातून परतताना घरांकडे बघावं. शेतकऱ्यांची घरं शेतात नाहीत, सगळी गावातल्या रस्त्यावर. बरीचशी विटांची, कौलारू, आणि काहींची अरुंद बाजू रस्त्याकडे, मागे खळं आणि गोठे. इंग्लंडात इतरत्र जमिनी कुंपणात गेल्यावर शेतकरी आपापल्या जमिनीवर घर बांधून गावाबाहेर गेले. इथे पट्टे तीन दिशांना विखुरलेले, त्यामुळे गावात राहणंच सोयीचं. गावात पिनफोल्डही आहे, म्हणजे आपला कोंडवाडा. मोकाट गुरं त्यात घालून मालकाकडून दंड घ्यायचे, आणि ते काम करणारा ‘पिंडर’ गावच्या कोर्टाकडून नेमला जायचा.

शनिवार-रविवार: मूरहाउस आणि बाकीचं

पूर्वेच्या मूरहाउस वाडीकडे सावकाश जावं. बघण्यासारखी मुख्य गोष्ट म्हणजे तिथली १८६०-६१ ची छोटी चॅपल. ऑसिंग्टनचा जॉन एव्हलिन डेनिसन, जो तेव्हा ब्रिटिश कॉमन्स सभागृहाचा स्पीकर होता, त्याने ती हेन्री क्लटनकडून बांधून घेतली. फ्रेंच गॉथिक धाटणीची, एवढ्याशा वाडीला न शोभणारी वजनदार इमारत. इथल्या जमिनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच कुंपणात गेल्या, म्हणून मूरहाउसची काटकोनी शेतं आणि लॅक्सटनची उघडी शेतं एकापाठोपाठ बघितली की एन्क्लोजर, म्हणजे उघड्या जमिनी कुंपणात घेणं, म्हणजे काय झालं ते एका फेरीत समजतं.

१६०४ ते १९१४ या काळात इंग्लंडच्या संसदेने एन्क्लोजरचे पाच हजारांहून अधिक कायदे केले आणि सुमारे ६८ लाख एकर सामाईक व उघडी जमीन खाजगी कुंपणात गेली. लॅक्सटन वाचलं ते कुणाच्या प्रेमामुळे नव्हे, मालकांचं जमत नव्हतं म्हणून. मॅनव्हर्स घराण्याखालोखाल इथे अर्ल ऑफ स्कारबरोची बरीच जमीन होती आणि छोटे मालकही होते. पट्टे एकमेकांत गुंतलेले, अदलाबदलीची बोलणी पिढ्यान्‌पिढ्या लांबली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मॅनव्हर्सच्या हाती जवळजवळ सगळं आलं, तोवर धान्याचे भाव कोसळले आणि मैलोन्‌मैल कुंपण, चर, नवे रस्ते यांचा खर्च भरून येण्यासारखा राहिला नाही.

त्यानंतर मालकी अशी फिरली: १९५२ मध्ये शेतीखात्याने गाव विकत घेतलं, १९८१ मध्ये ते क्राउन इस्टेटकडे गेलं, आणि २०२० मध्ये थोर्सबी इस्टेटकडे. थोर्सबी हे मॅनव्हर्सांचंच जुनं ठाणं, म्हणजे जवळजवळ ७० वर्षांनी जमीन पुन्हा त्याच घराण्याच्या इस्टेटीत आली.

याच पॅरिशमध्ये नॅशनल होलोकॉस्ट सेंटर आहे, नाझींनी केलेल्या ज्यूंच्या हत्याकांडाच्या स्मृतीसाठी १९९५ मध्ये सुरू झालेलं. बागेत नावं लिहिलेले पांढरे गुलाब आहेत. उघडण्याचे वार आणि वेळ आधी ठरवून जावं आणि अर्धा दिवस राखून ठेवावा. ते किल्ला-चर्चच्या घाईत उरकण्याचं ठिकाण नाही.

पुढचा गुरुवार: कोर्ट लीट

ज्युरी डेनंतर आठवड्याने डव्हकोट इनमध्येच कोर्ट लीट बसतं. मध्ययुगात प्रत्येक मॅनरला असं कोर्ट असे. १९७७ च्या न्यायव्यवस्थेच्या कायद्याने उरलेल्या अशा कोर्टांचे अधिकार काढून घेतले, पण लॅक्सटनच्या कोर्टाचा शेतांवरचा अधिकार राखून ठेवला. म्हणून इथला दंड हा कायद्याचा दंड आहे, हौसेचा खेळ नव्हे.

मॅनरच्या मालकाच्या वतीने वकील असलेला स्टुअर्ड बसतो, बेलिफ पुकारा करतो. हजर राहणं ज्यांच्यावर बंधनकारक आहे त्यांची यादी वाचली जाते आणि गैरहजरांना जुन्या रिवाजाप्रमाणे काही पेनींचा दंड लागतो. बरेच जण तो आधीच पोचता करतात. मग फोरमन मागच्या गुरुवारची नोंद वाचतो: अमुक पट्टा, अमुक फूट रस्त्यात, अमुक चर तुंबलेला. नाव पुकारलं गेल्याची लाज दंडाच्या रकमेपेक्षा जड असते, असं म्हणायला हरकत नाही.

खोली लहान आहे, कुळांना आधी जागा. पाहुण्याने लवकर जाऊन मागे उभं राहावं आणि फोटोसाठी मधे येऊ नये. शेवटी पुढच्या वर्षीची ज्युरी शपथ घेते. तिच्या वाट्याला येतं ते सध्या पडीक असलेलं शेत, जे येत्या ऑक्टोबरात गव्हाखाली जाईल.